काय-मामांचा पट्टा

हार्वेस्टरच्या केबिनमध्ये दोन माणसं मावतात. त्या सकाळी आत सात जण होते आणि शिडीवर आणखी चार. खाली गव्हाच्या धसकटांत उभ्या असलेल्या शंभरेक लोकांना पडद्यावर काय दिसतंय, ते शिडीच्या वरच्या पायरीवरून न्हावी सांगत होता.

"हिरवं. अजून हिरवं. आता तर नुसता पोपट झालाय."

खालून समाधानाचा सुस्कारा उठला.

हे यंत्र कापता कापता किती दाणे आत आले ते मोजतं, आपण कुठे आहोत ते उपग्रहाकडून समजून घेतं आणि शेताचा नकाशा रंगवतं. उतारा कमी तिथे लाल, मध्यम तिथे पिवळा, जास्त तिथे हिरवा. मावशीच्या शेतातले सगळे पट्टे पिवळे होते. एकरी पंधरा क्विंटल, थोडं इकडेतिकडे. फक्त तीन पट्टे हिरवेगार होते, एकरी वीस. ते तीन पट्टे तरंगबाबांच्या पाण्याच्या चाचणीचे होते.

मावशी आमच्या पट्टामंडळाची प्रमुख. कुणी नवं बियाणं, नवं खत, नवी फवारणी आणली की मंडळ ते शेजारी-शेजारी पट्ट्यांत तपासतं: एकाला लावायचं, दुसऱ्याला नाही, खतासकट बाकी सगळं सारखं, आणि मग मोजायचं. नऊ वर्षं मावशीने हे चालवलंय. मी विज्ञान शिकून परत आले तेव्हापासून आकडे माझ्याकडे आहेत. मंडळाचा नियम एकच, जोडीशिवाय पट्टा नाही. त्या नियमानेच आमची पंचाईत केली होती, कारण बाबांच्या पट्ट्यांना जोडी होती, आणि ते जिंकले होते.

बाबा यंत्राच्या चाकाला टेकून उभे होते. अंगात रुपेरी कोट, कमरेला वीतभर रुंद चामडी पट्टा, पट्ट्यात खोचलेला टीव्हीचा जुना अँटेना.

"मी काहीच करत नाही," ते म्हणाले. "पाणी विसरभोळं असतं. मी तरंग सोडतो आणि त्याला आठवतं की आपण पूर्वी ढग होतो. एकदा ढग आठवला की ते पाणी पिकाला वरून बघायला लागतं. मग खत कशाला हवं? खताचा वास आला तर पाणी रुसतं."

"रुसतंच," शिंपी म्हणाला. त्याच्याकडे शेत नव्हतं.

दुपारी मंडळाची सभा होती. ठराव तयार होता: पुढच्या हंगामापासून चाचणीचे पट्टे बंद, सगळ्यांच्या सगळ्या रानांवर बाबांचं तरंगजल, खत शून्य. मावशी हातात वही घेऊन उभी होती. एक हंगाम सगळ्यांनी खत बंद केलं तर काय होईल, हे त्या वहीत तिसऱ्या वर्षाच्या पानावर लिहिलेलं होतं. निम्मं पीक.

"तुला काय वाटतं?" तिने मला हळूच विचारलं.

"आकडे फार शहाण्यासारखे वागतायत," मी म्हणाले. "पहिल्या जोडीत तेहेतीस टक्के वाढ, दुसऱ्या जोडीत चौतीस, तिसऱ्या जोडीत पुन्हा तेहेतीस. शेत इतकं शिस्तीचं नसतं, मावशी. आपल्याच बांधालगतचा कोपरा दर वर्षी वेगळा रुसतो."

"मग मामाला विचार. फवारणी त्याच्याकडे होती."

मामा म्हणजे मावशीचा धाकटा भाऊ, आमचा हार्वेस्टरचालक. तीस वर्षं इंजिनाशेजारी बसून कान गेलेत, म्हणून सगळे त्याला काय-मामा म्हणतात. मी शिडी चढून केबिनमधल्या पाच जणांना खाली उतरवलं आणि त्याच्या कानाशी तोंड नेलं.

"मामा, बाबांचं पाणी कसं घातलंस?"

"काय?"

"पाणी. बाबांचं. कसं घातलं?"

"रोज थोडं थोडं. तीन कॅन पुरवले. चांगलं पाणी आहे."

"कोणत्या पंपाने?"

"पंप कशाला? चहाच्या कपाने. पट्टा केवढासा."

"मामा, कोणता पट्टा?"

मामाने यंत्राच्या पोटाकडे बोट दाखवलं. "हा. पंख्याचा. मी खाली पडून दुरुस्ती करत होतो, हा मेला चूंचूं करत होता, तेवढ्यात महाराज आले आणि म्हणाले, हे सगळं तुमच्या पट्ट्याला घाला. म्हटलं, माणूस जाणकार दिसतोय."

शिडीवरच्या न्हाव्याने हे सगळं ऐकलं आणि खाली इमानेइतबारे पोचवलं. गर्दीत आधी शेवटच्या रांगेत कुणाला तरी ठसका लागला, मग सगळेच हसायला लागले. ज्या गव्हावर चमत्कार झाला होता, त्याला चमत्काराचा थेंबही मिळाला नव्हता.

पण बाबा कसलेले होते. त्यांनी डोळे मिटले, अँटेना फिरवला.

"तेच हवं होतं," ते म्हणाले. "पाण्याने यंत्राला सांगितलं, यंत्राने गव्हाला सांगितलं."

"गहू तर यंत्र येईपर्यंत वाळून उभा होता," मावशी म्हणाली. "त्याला सांगून उपयोग काय?"

"ताई, तरंगाला वेळ नसतो."

आणि गंमत बघा, लोकांनी मान डोलवली. शिंपी तर म्हणाला, मग शेतात न जाताच काम होतंय, उलट बरंच.

मी परत मामाच्या कानाशी गेले. "कापणीच्या वेळी महाराज तुझ्या शेजारी बसले होते ना? काही करायला सांगितलं?"

"काही नाही. पडद्यावर चार होता, त्याचा तीन करायला लावला. चार अशुभ म्हणे, तीन शुभ. त्यांचा पट्टा संपला की परत चार. तीनही वेळा."

मी हसले, आणि हसताना शिडीवरून पडता पडता राहिले.

तो चार म्हणजे कापणीची रुंदी, चार मीटर. यंत्र दाणे मोजतं आणि किती जमिनीवरून आले त्याने भागतं. जमीन ते स्वतः मोजत नाही. आपण सांगितलेली रुंदी आणि चाललेलं अंतर यांवरून धरतं. त्याला तीन मीटर सांगितलं आणि कापलं चार मीटर, तर बिचारं समजतं की एवढे सगळे दाणे कमी जमिनीतून आले. चार भागिले तीन. बरोबर तेहेतीस टक्के जास्त.

"मामा, त्या पलीकडच्या पट्ट्यावर काय घातलंय?"

"काही नाही. आपला साधा."

"रुंदी दोन कर आणि काप."

मामाने कापलं. न्हावी ओरडला, "तीस. एकरी तीस."

"आता एक."

"साठ. अहो, पडद्यावरचे रंगच संपले."

मामाला मजा यायला लागली होती. "अर्धा करू का? एका पट्ट्यात गोदाम भरेल."

"राहू दे," मावशी म्हणाली. "आता बाबांच्या पट्ट्यांची ट्रॉली आणि त्यांच्या जोडीदार पट्ट्यांची ट्रॉली, दोन्ही वजनकाट्यावर घ्या."

दोन्ही ट्रॉल्या काट्यावर चढल्या. फरक निघाला सहा किलोंचा, आणि तोही साध्या पट्ट्यांच्या बाजूने. मग पेट्रोलपंपवाल्याने बाबांकडे नीट निरखून पाहिलं.

"तुम्ही पूर्वी हार्वेस्टर विकायला यायचात ना? कोट वेगळा होता."

बाबांनी तरंग परत घेत असल्याचं जाहीर केलं. अँटेना खाली करून ते बांधाच्या दिशेने निघाले. चालताना कमरेचा पट्टा करकरत होता. त्याला कुणी पाणी घातलं नव्हतं.

दुपारी सभा झाली. ठराव कुणी मांडलाच नाही. मावशीने वही उघडून आजची तारीख घातली आणि मला लिहायला सांगितलं. मी लिहिलं: रुंदीचा आकडा कापणीआधी दोघांनी तपासावा, आणि पडद्यावर विश्वास ठेवण्याआधी धान्य काट्यावर ठेवावं. यंत्र खोटं बोललं नव्हतं. त्याला खोटं सांगितलं होतं, आणि आपल्याला हिरवा रंग आवडतो म्हणून आपण विचारलं नाही. कुणी तुम्हाला उत्तर दाखवलं, तर ते कशाने भागून काढलं एवढं तरी विचारा. जो विचारू देत नाही, त्याचं पाणी चहाच्या कपानेसुद्धा घेऊ नका.

मामा मात्र शेवटपर्यंत अडून बसला.

"काही म्हण ताई, पाणी घातल्यापासून माझा पट्टा चूंचूं करत नाही."

"तुला ऐकू येतं?"

"काय?"

मावशीने वहीचं पुढचं पान उघडलं आणि मधोमध रेघ मारली. एका बाजूला लिहिलं, तरंगजल. दुसऱ्या बाजूला, नळाचं पाणी. खाली लिहिलं, ऐकणार भाची.

"उद्यापासून," ती म्हणाली. "जोडीशिवाय पट्टा नाही."