शिकंज्यातलं सॅलड

मिस्त्रीच्या आत्याला नवे दात येऊन तेवीस दिवस झाले होते, आणि त्यातले साडेबावीस दिवस ते दात तिच्या खोलीच्या खिडकीत, काचेच्या वाटीतल्या पाण्यात बसून रस्त्यावरची गंमत बघत होते.

दातांच्या डॉक्टरकडे सहा खेपा घालून ते मिळाले होते. घरी आणले त्याच दिवशी दुपारी जेवताना आत्या काहीतरी रंगात येऊन सांगत होती आणि अजून सवय न झालेली वरची कवळी सुटून थेट ताटात पडली. समोर मिस्त्री, त्याची बायको आणि बायकोच्या हॉस्पिटलातली एक मैत्रीण. आत्यानं कवळी रुमालात गुंडाळली, उठली, खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. तेव्हापासून तिचं जेवण आतच. जेवण म्हणजे काय, तर लापशी. सकाळी पातळ, रात्री त्याहून पातळ.

ही आत्या म्हणजे काही ऐरीगैरी बाई नव्हे. मिस्त्री चार वर्षांचा असताना त्याची आई गेली. आत्यानं शिलाई मशीन चालवून त्याला वाढवला, सुतारकाम शिकायला घातला, त्याचं लग्न लावलं आणि वर सुनेची बाजू घेऊन त्याच्याशी भांडली. तोंडात टाचण्या धरून ती गिऱ्हाइकाला सुनावायची, "पोट आत ओढू नका, मी त्या मापाचं शिवलं तर श्वास कधी घेणार?" जेवणाच्या टेबलावर निम्म्याहून जास्त बोलणं तिचं असे. ती आत जाऊन बसल्यावर टेबलावर उरले नवराबायको, आणि त्यांचं बोलणं "मीठ दे" आणि "घ्या" एवढ्यावर आलं.

मिस्त्रीची बायको नर्स होती. तिला अख्खी गल्ली नर्सबाई म्हणायची. तिनं आत्याला वजनकाट्यावर उभं केलं तेव्हा काटा तीन किलोनं खाली आला होता. त्यात उन्हाळा असा की पंख्यातून वारा नव्हे, वाफ यायची. "असंच चाललं तर यांना सलाइन लावायला लागेल," असं ती म्हणाली. मिस्त्रीनं आत्याला परोपरीनं विनवलं. अगदी दाताच्या कण्या केल्या. पण ते बोलूनही दाखवायची सोय नव्हती, कारण या भाषेत जिकडे हात घालावा तिकडे दात लागतात. नर्सबाई एकदा सहज म्हणून गेली, "आमची हेडनर्स माझ्यावर दात धरून आहे," तर आत्यानं आतून दाराला कडी घातली.

रविवारी सकाळी कामावर निघताना नर्सबाई म्हणाली, "अहो, आज काहीतरी गार आणि कुरकुरीत करा. फळांचं सॅलड. आत्यांना किती आवडायचं. वासानं तरी बाहेर येतील."

"मी करू?" मिस्त्रीनं विचारलं. लग्नाला एकोणीस वर्षं झाली होती, पण स्वयंपाकघरात त्यानं केलेली एकमेव गोष्ट म्हणजे स्वयंपाकघर. ओटा, कपाटं, मांडण्या, सगळं त्याच्या हातचं.

"त्यात काय आहे? सफरचंद, पेर, काकडी, कलिंगड चिरायचं. पुदिना आणि कोथिंबीर घालायची. लिंबू, मध, मीठ, मिरपूड वेगळं कालवून ठेवा. ते मिसळायचं मात्र शेवटी. मी दीडला येते."

आता इथे दोष कुणाचा, हे ठरवणं अवघड आहे. बायको बोलली ते शंभर टक्के बरोबर होतं आणि नवऱ्यानं ऐकलं तेही शब्दन् शब्द बरोबर. पण सुताराच्या कानाला 'शेवटी' हा शब्द वेगळा लागतो. आधी तुकडे कापायचे, मग कोरडेच जोडून बघायचे आणि शेवटी सरस लावायचा. आणि सरस लावला की शिकंजा आवळून चार तास हात लावायचा नाही. शिकंजा म्हणजे चिकटवलेल्या फळ्या वाळेपर्यंत दाबून धरणारी लोखंडाची पकड. ती न लावता काम उचलणाऱ्या कारागिराला मिस्त्री आपल्या दुकानात उभंही करत नसे.

आठला त्यानं काम काढलं. सफरचंदाचे काप एका मापाचे झाले पाहिजेत म्हणून गुण्या धुऊन आणला, आणि जो काप काटकोनात बसला नाही तो खाऊन टाकला. काकडी अशी सोलली की साल अखंड एकच निघाली. कलिंगडाचे चौकोन पाडले. सगळं काचेच्या मोठ्या भांड्यात रचून चारी बाजूंनी निरखलं आणि ते त्याला स्वतःलाच इतकं आवडलं की शेजाऱ्याला बोलावून दाखवावं असं वाटलं. मग लिंबू-मधाचं कालवण वरून ओतलं, मीठ घातलं, चांगलं ढवळलं, वर थाळी पालथी घातली आणि दोन्ही बाजूंना शिकंजे लावून भांडं ओट्याला आवळून टाकलं. दर तासाला येऊन तो एकेक आटा पिळत होता.

साडेबारा वाजता त्यानं शिकंजे सोडले, थाळी उचलली आणि तसाच उभा राहिला.

भांड्यात तळं झालं होतं. कलिंगडाचं नुसतं नाव उरलं होतं. पुदिना काळा पडून तळाला गेला होता. सफरचंदाचा काप त्यानं बोटावर वाकवून पाहिला, तर तो मुकाट्यानं वाकला. सकाळपासूनची मेहनत पाण्यात गेली होती, आणि इथे तर ते पाणी डोळ्यांना दिसत होतं.

माणूस चुकतो ते ठीक आहे. पण चूक झाकायला जातो तेव्हा खरा फसतो. मिस्त्रीच्या डोक्यात आलं, की हे मऊ झालंय ना, मग आत्याला बरंच आहे. त्यानं वाटीभर काढलं आणि तिच्या खोलीत नेलं.

"आत्या, हे बघ. तुला चावायलाच नको. आपोआप उतरेल खाली."

आत्यानं वाटीत पाहिलं. मग त्याच्याकडे पाहिलं. "माझ्यासाठी मुद्दाम असं केलंस?"

"हो ना. तुझ्यासाठीच."

आत्यानं वाटी बाजूला सारली. "म्हणजे आता घरात दोन स्वयंपाक. एक माणसांचा आणि एक माझा."

ती रागानं बोलली असती तर मिस्त्रीनं उलट उत्तर दिलं असतं, त्याला सवय होती. पण ती शांतपणे बोलली, आणि त्याला चार वर्षांच्या पोरासारखं रडू यायचं बाकी राहिलं. तो पलंगाच्या कडेला बसला.

"नाही गं," तो म्हणाला. "खोटं बोललो. तुझ्यासाठी नाही केलं असं. बिघडलंय. मी त्याला चार तास शिकंजा लावून ठेवला होता."

"कशाला?"

"सॅलडला."

आत्यानं तोंडावर हात धरला. आधी खांदे हलले, मग पलंग हलला. तेवीस दिवसांत पहिल्यांदा ती हसत होती, आणि हसता हसता तिला ठसका लागला. "आवळलास किती?" तिनं कसंबसं विचारलं.

"दर तासाला एक आटा."

"चल, दाखव मला," असं म्हणत आत्या उठली आणि चपला न घालताच स्वयंपाकघरात आली. ओट्यावरचे शिकंजे पाहून ती पुन्हा हसली. मग तिची नजर टोपलीकडे गेली. दोन सफरचंदं, एक पेर, एक काकडी, कलिंगडाची एक फोड आणि थोडा पुदिना, कोथिंबीर एवढं उरलं होतं. नर्सबाई यायला पाऊण तास होता. आत्यानं स्टूल ओढलं.

"बर्फ काढ," ती म्हणाली. "सफरचंद आणि पेर चिरून लिंबू पिळलेल्या बर्फाच्या पाण्यात टाक. पुदिना धुऊन फडक्यावर पसर, ओला घालू नकोस. आणि ते लोखंड उचल इथून."

मिस्त्री हुकमाबरहुकूम कामाला लागला. त्याच्या डोक्यातही आता उजेड पडला होता. ओल्या लाकडाचं काम टिकत नाही, हे त्याला दुसऱ्या कुणी शिकवायची गरज नव्हती. त्यानं काकडी उभी चिरून मधला बियांचा पाणीदार गर चमच्यानं कोरून काढला. आत्यानं पाहिलं, पण काही बोलली नाही. तिच्याकडून एवढी शाबासकी म्हणजे डोक्यावरून पाणी.

"कलिंगड?"

"ते सगळ्यात शेवटी. सून दारात आली की."

"शेवटी म्हणजे शेवटी ना?"

"तुझं शेवटी नव्हे, माझं. शिवताना शेवटचा टाका घालते तेव्हा गिऱ्हाईक समोर उभं असतं. घातला की लगेच अंगावर."

काप निथळून कोरडे झाले. मिस्त्रीनं एक तोंडात टाकला. "झालंय कुरकुरीत," तो म्हणाला.

"तू सांगतोस म्हणून? सकाळीही कारागीर तूच होतास."

आत्यानं सफरचंदाचा एक काप उचलला, कानाशी नेला आणि दोन बोटांनी मोडला. कट् असा आवाज झाला. दुसरा मोडला. तोही वाजला. तिच्या चेहऱ्यावर मात्र समाधान दिसेना. "आवाज बरा आहे," ती पुटपुटली. "पण कपडा हातात धरून कळत नाही. अंगात घालूनच बघावा लागतो."

मिस्त्रीच्या अगदी ओठांवर आलं होतं, की मग घाल ना. पण आयुष्यात पहिल्यांदाच तो वेळेवर मूग गिळून गप्प बसला आणि कोथिंबीर निवडू लागला. ती निवडलेलीच होती. आत्या स्टुलावरून उठली, खोलीत गेली, दार लागल्याचा आवाज आला. मिस्त्रीचा जीव टांगणीला लागला. त्यानं निवडलेली कोथिंबीर पुन्हा निवडली.

तेवढ्यात कुलूप उघडून नर्सबाई आत आली. तिनं ओट्याकडे, शिकंज्यांकडे, बेसिनमधल्या तळ्याकडे पाहिलं आणि विचारायला तोंड उघडलं. मिस्त्रीनं तिला हातानंच गप्प केलं.

दार उघडलं. आत्या बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा भरल्यासारखा दिसत होता. ती कुणाकडे न बघता सरळ ओट्याशी गेली. सफरचंदाचा एक जाडसा काप घेतला आणि समोरच्या दातांनी तोडला.

तो आवाज मिस्त्रीला आतपर्यंत ऐकू आला. आत्या चावत राहिली. दुसरा काप घेतला. मग काकडी. चौथ्या घासाला वरची कवळी सटकली, तिरकी झाली, ओठाबाहेर डोकावली. नर्सबाई घाईघाईनं चपला काढायला खाली वाकली. मिस्त्रीला नजर कुठे ठेवावी कळेना. आत्यानं अंगठ्यानं कवळी वर दाबली, जागेवर बसवली आणि घास संपवला.

"उद्या डॉक्टरकडे जाऊ," मिस्त्री हळूच म्हणाला. "घट्ट करून घेऊ ती."

"काही घट्ट करायची गरज नाही. त्यानं माप अगदी बरोबर घेतलंय," आत्या म्हणाली. "मीच उपाशी राहून सैल झालेय."

नर्सबाईनं झटकन कलिंगड चिरलं. मिस्त्रीनं सगळं एकत्र केलं, वर पुदिना आणि कोथिंबीर भुरभुरली, नव्यानं केलेलं कालवण ओतलं आणि भांडं उचलून धावतच टेबलावर आणलं. आत्या तिच्या खुर्चीत जाऊन बसली होती. त्यानं सवयीनं तिच्यासाठी वाटीत थोडं कलिंगड वेगळं काढायला घेतलं.

आत्यानं त्याचा हात धरला. "माझं वेगळं काढू नकोस," ती म्हणाली. "सगळ्यांचं आहे त्यातलंच वाढ."