ओंडक्याखालचा पाय

उतारावर ओंडका कापताना खालच्या अंगाला कधी उभं राहू नये, हा धडा आमचे हे वखारीत येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला देतात. आणि त्या दुपारी स्वतःच खालच्या अंगाला जाऊन उभे! लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

मी बेकरीवाल्याच्या मोळ्या बांधत होते. आधी करवतीचं मशीन बंद पडलं, मग यांची किंकाळी आली. धावले. माझ्या मांडीपर्यंत येणारा जाडजूड ओंडका अडणीचा दगड सोडून गडगडला होता आणि यांचा डावा पाय सांडपाण्याच्या चरात दाबून बसला होता. चरातला चिखल मऊ, म्हणून पाय अजून चिरडला नव्हता. पण त्याच चिखलात ओंडका रुतत चालला होता, डोळ्यांदेखत.

"पहार घाल!" हे ओरडले. घातली. अंगातलं सगळं बळ लावलं. ओंडका जागचा हलेल तर शपथ! क्रेनवाल्याला फोन केला तर म्हणाला, "वहिनी, निघालोच, पण तासभर तरी लागेल." तासाभरात पायाचं पीठ झालं असतं.

"तूच काप," हे म्हणाले. "गुडघ्यापासून वीतभर सोडून. लांब भाग सुटला की उरलेला ठोकळा पहारेनं लोटता येईल."

मशीन उचललं, चेन बघितली आणि डोक्यात तिडीक गेली. सकाळी मी धार लावत होते. चेनचे दात आळीपाळीनं, एक उजवा, एक डावा. उजवे घासून झाले, डाव्यांना हात घालणार तोच यांनी मशीन ओढून नेलं. म्हणे, "लाकडं कापायची आहेत, दाढी नाही करायची!" एकाच बाजूला धार असली की काप त्या बाजूला वळत जातो. तसाच वळला, चेन जिच्यावरून फिरते ती पट्टी कापात अडकली, ती सोडवायला हे खालच्या अंगाला उतरले आणि पुढचं रामायण झालं. आता मी तशीच चालवली असती तर पट्टी उजवीकडे गेली असती. उजवीकडे यांचा गुडघा होता.

मी फतकल मारून बसले आणि कानस काढली.

"अगं ए! मी इथे मरतोय आणि तू धार कसली लावतेस?"

"मग सकाळी कुठे वाघ मागे लागला होता?" मी खेकसले. "पाय हवाय ना? मग गप्प पडा."

गप्प कसले पडतात! माझा, माझ्या माहेराचा, त्या कानशीचा, सगळ्यांचा उद्धार झाला. मध्येच ओंडका करकरला. माझ्या डोळ्यांतलं पाणी चेनवर टपकत होतं, पण एकही दात सोडला नाही.

ओंडका दोन टोकांवर टेकलेला, मधे अधांतरी. असा ओंडका नुसता वरून कापला तर मधे खचतो आणि पट्टी चिमटीत धरतो. म्हणून कापायच्या जागेच्या दोन्ही बाजूंना ओंडक्याखाली ठोकळे सरकवले, पाचरी मारून घट्ट केले.

"मशीन चालू झालं की मला काही ऐकू येणार नाही," मी म्हटलं. "हात वर धरा. पायावर जरा जरी दाब आला तर हात खाली. मी थांबते."

आधी वरून तिसरा हिस्सा कापला. काप सरळ उतरला. यांचा हात वर. फटीत पाचर ठोकली आणि गुडघे टेकून पट्टी खालून लावली. खालून कापताना चेन मशीनला आपल्याच अंगावर ढकलते, म्हणून मांडीनं रेटून धरलं. पट्टीचं टोक कशाला लागलं तर मशीन तोंडावर उसळतं. एक डोळा टोकावर, एक यांच्या हातावर. खालचा काप वरच्याला मिळत आला आणि यांच्या बाजूचा ठोकळा चिखलात खचला. ओंडका दणकन हादरला. हात बघितला. वरच होता, ताठ. देवा, वाचवलंस, म्हटलं, आणि रेटत राहिले. काप वर मिळाला.

लांब भाग ठोकळ्यांवर बसला. पायावरचा तुकडा पहारेनं लोटला, या वेळी हलला. काखेत हात घालून यांना ओढून काढलं आणि तेव्हा कुठे तोंड दिसलं. शर्टाची बाही दातांत, ओठ फुटलेला. नडगी वाकू नये तिथे वाकलेली.

"बोटं हलवा. हलवा आधी!"

हलली.

"हे मोडलं कधी?"

"हादरला ना, तेव्हा."

"मग हात खाली का नाही केलात? काय ठरलं होतं आपलं?"

"तू थांबली असतीस," हे म्हणाले. "आणि पुन्हा मशीन लावायला तुझा हात धजला नसता."

मी यांच्या खांद्यावर एक सणसणीत बुक्की मारली आणि तिथेच चिखलात बसून हमसून हमसून रडले.

क्रेनवाला आला. त्यानं यांना उचलून गाडीत आडवं केलं. "दादा, फार दुखतंय का हो?"

यांनी नाही म्हणून मान हलवली.

"खोटं बोलतायत," मी म्हटलं. "चला लवकर."