आमेन राहिलं

आमच्या घरात एक नियम आहे. प्रार्थना सुरू झाली की आमेन होईपर्यंत मधे बोलायचं नाही, डोळे उघडायचे नाहीत, घास तोंडात घालायचा नाही. नियम सासूबाईंचा. मथुराबाई त्यांचं नाव. मी त्यांना आत्याबाई म्हणते. म्हणजे म्हणायचे; अकरा दिवस झाले होते, आम्ही दोघी एकमेकींशी बोलत नव्हतो.

भांडण पायावरून. शेळीचं दावं घासून त्यांच्या उजव्या पायाच्या अंगठ्याला जखम झाली. साखरेचा आजार जुना, त्यात हे. त्यांनी फडकं बांधून लपवलं. मला कळलं ते वासावरून. दवाखान्याचं नाव काढलं की म्हणायच्या, "देवबाप बघंल." मी वैतागून पाळकसाहेबांना सांगितलं, त्यांचं तरी ऐकतील म्हणून. पाळकसाहेबांनी काय करावं? रविवारी भर उपासनेत हात वर करून म्हणाले, "हे प्रभू, मथुराबाईंच्या अंगठ्यावर दया कर." अख्खी मंडळी वळून अंगठ्याकडं बघायला लागली. घरी येईतो आत्याबाईंनी तोंड मिटलं ते मिटलंच.

पण संध्याकाळची प्रार्थना कशी चुकेल? ताटं वाढून आम्ही समोरासमोर बसायचो, डोळे मिटायचो. आधी त्या, मग मी.

"देवबापा," त्या सुरू करायच्या, "तुला ठाऊकच हाय, डाळीत मीठ न्हाय. जिच्या हातात मिठाचा डबा दिलास, तिला ध्यान बी दे."

माझी पाळी आली की मी म्हणायचे, "हे प्रभू, ज्यांना प्रेशरची गोळी चालू आहे त्यांना मीठ कमी लागतं, एवढं त्यांच्या कानात घाल."

आकाश-पृथ्वी करणारा तो, आणि आम्ही त्याला इकडचा निरोप तिकडं पोचवायला ठेवला होता. माझा नवरा शांतवन ट्रकवर, महिन्यातून चार दिवस घरी. फोनवर म्हणायचा, "तुम्ही दोघी घ्या की सांभाळून." घ्या म्हणे!

बुधवारी अंगात ताप भरला तेव्हा कुठं त्या लोहाऱ्याच्या डॉक्टरकडं आल्या. डॉक्टरांनी फडकं सोडलं आणि थेट माझ्याकडं बघून सांगितलं, "उद्याच उमरग्याच्या मोठ्या दवाखान्यात न्या. अंगठ्यावर भागेल. थांबलात तर पाऊल जाईल." आत्याबाईंनी ऐकलं, पदर सावरला, घरी आल्या आणि लंगडत लंगडत शेळ्यांची धार काढली. उद्याचं नाव नाही.

त्या संध्याकाळी त्यांनी नेहमीसारखी प्रार्थना केली. डोंगरवाडीच्या चुलतभावापासून आजारी कोंबडीपर्यंत सगळे आले, पाय तेवढा आला नाही. मग माझी पाळी. शेवटी जो करतो त्यानं आमेन म्हणायचं.

"देवबापा," मी म्हटलं, "उद्या सकाळच्या जीपला बसते असं त्या म्हणेपर्यंत मी आमेन म्हणणार नाही."

बाहेर शेळी खोकली. भाकरीवरची वाफ विरली, डाळीवर साय धरली. मी डोळे मिटून होते, पण माझा जीव त्यांच्या गोळीत अडकला होता. साखरेची गोळी घेऊन माणूस उपाशी किती वेळ बसणार? मी चाचपडत त्यांचं ताट पुढं सरकवलं.

"देवबापा, त्यांनी गोळी घेतलीय. त्यांना खायला सांग."

"देवबापा," पलीकडून आलं, "आमेनबिगर घास उतरत न्हाय, तिला सांग."

मी हरले. असल्या हट्टापुढं कोण टिकणार? आमेन म्हणायला तोंड उघडलं, तोच त्यांचा आवाज आला. बारीक. जात्यात शेवटची मूठ पडल्यावर येतो तसला.

"देवबापा, तुला ठाऊक हाय. शांतवनच्या बापाला सोलापूरला नेलं हुतं. म्या खाली चहा आणाया गेले. वर आले तर पांघरूण त्वांडावर. कप हातात तसाच गरम. मरणाला म्या भीत न्हाय. पर आत नेत्यात, दार लावत्यात, अन् माणूस एकटं पडतं. तू असतूस म्हणत्यात तिथं. पर तुझा आवाज येत न्हाय रे बापा."

मी डोळे उघडले. नियम मोडला. बघते तर त्यांचेही उघडेच.

"आत्याबाई," मी म्हटलं, अकरा दिवसांनी. "मी दाराशी बसते."

"बसलीस हे मला आतनं कसं कळंल?"

"मोठ्यानं प्रार्थना करते. तुम्ही बाहेर येईपर्यंत आमेन म्हणत नाही."

त्यांनी माझ्याकडं बघितलं, शेळी विकत घेताना बघतात तसं. "तुझी प्रार्थना तर दोन मिनटात आटपती."

"लांबवते."

"लांबव. अन् आता आजचं आमेन म्हण बाई, लई भूक लागलीया."

दुसऱ्या दिवशी शेळ्या शेजारच्या गौराबाईंवर टाकून आम्ही उमरगा गाठलं. अंगठा काढायचं ठरलं. पाठीत सुई देणार, कमरेखालचं बधिर, बाकी शुद्ध राहणार. दार लागलं. मी बाहेरच्या बाकावर बसून सुरू केलं.

मोठ्यानं प्रार्थना करणं किती अवघड! चार मिनिटांत माझ्याकडचं सगळं संपलं. मग मी शेळ्यांसाठी मागितलं, जीपवाल्याच्या टायरसाठी मागितलं, समोर बसलेल्या एका मामांच्या खोकल्यासाठी मागितलं. मामा उठून लांबच्या बाकावर गेले. सिस्टर म्हणाली, "अहो ताई, हळू." मी म्हटलं, "हळू चालत नाही, आत ऐकू जायला पाहिजे." तिनं कपाळाला हात लावला आणि गेली.

अर्ध्या तासानं घसा बसला, शब्द संपले. उरली ती आत्याबाईंचीच ओवी, दळताना म्हणायच्या ती. मी तीच धरली:

"दळण सरत आलं, पीठ सुपात माईना,
येशूराजा सखा माझा, मला सोडून जाईना..."

दाराआडून, सगळ्या खडखडाटातून, आवाज आला.

"देवबापा, तिला सांग, चाल चुकली."

मी डोळे पुसले, मिटले, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.