नारळ सोडायचा दिवस

रत्नागिरीपासून रिक्षाने तासाभराच्या आत पोचता येईल अशा एका वाडीत दत्तात्रेय जोगळेकर ऊर्फ अप्पांनी दोन पिढ्यांना पोहायला शिकवलं होतं. या सगळ्या काळात ते स्वतः, पावसाळा सोडला तर, गुडघ्याच्या वर ओले झाले नव्हते.

अप्पांना पोहता येत नव्हतं. ही गोष्ट जगात दोघांनाच ठाऊक होती. एक स्वतः अप्पा आणि दुसऱ्या त्यांच्या पत्नी मालिनीबाई. बाकीच्यांना कानाच्या पडद्याचं कारण माहीत होतं. डॉक्टरांनी पाण्यात उतरायची सक्त मनाई केली होती आणि ते डॉक्टर फार पूर्वीच वारले असल्यामुळे मनाई उठवणारं कोणी उरलं नव्हतं.

पण शिकवणी थट्टेत सुरू झाली नव्हती. अप्पा ऐन तिशीत असताना त्यांच्या बागेतल्या चिऱ्याच्या मोठ्या विहिरीत केरू गड्याचा मुलगा पडला. त्याला काढायला केरूने उडी घेतली. केरूलाही पोहता येत नव्हतं, पण बापाला ते उडी मारल्यावर आठवतं. दोघेही गेले. काठावर अर्धी वाडी जमली होती, अप्पाही होते. रहाटाचा दोर हाताशी लोंबत होता, तो कुणालाच दिसला नाही.

त्या काळी माणूस मलेरियाने गेला तर निदान फवारणीवाला येऊन भिंती पांढऱ्या करून जायचा. बुडून गेला की लोक म्हणायचे, पाण्याने नेला. जणू पाणी वाजतगाजत वरात घेऊन आलं होतं आणि पाहुण्याला नाही म्हणणं बरं दिसलं नाही.

पुढच्या मे महिन्यात अप्पांनी पोरं गोळा केली. बेडकांकडे बघून आणि बंदरावरच्या खलाशांना विचारून त्यांनी विद्या मिळवली. स्वतः उतरायचं मात्र केरूमुळे धाडस होईना. पहिल्या वर्षी म्हणाले, पुढल्या वर्षी शिकू. पुढल्या वर्षापर्यंत ते गुरुजी झाले होते, आणि गुरुजींना पहिलीत बसता येत नाही. मालिनीबाई माहेरच्या खाडीत पोहून मोठ्या झालेल्या. "मी शिकवते की," त्या म्हणायच्या. "लोक काय म्हणतील?" अप्पा म्हणायचे. सासरच्या विहिरीत सुनेने पोहणं तेव्हा शोभत नव्हतं, आणि नवऱ्याने बुडणं कुणी मनावर घेतलं नव्हतं.

रीत अशी होती. दोन सुके असोले नारळ घ्यायचे, सोलायचे नाहीत, एकमेकांना बांधून पोराच्या पाठीवर आवळायचे. महिनाभर पोरगं त्यांच्या जिवावर तरंगायचं. मेच्या शेवटच्या रविवारी नारळ सोडायचा दिवस. पोराने नारळांसकट एक फेरी मारायची, अप्पा काठावरून म्हणणार, "सोड," मग नारळ सोडून बिननारळाची फेरी. शेवटी तेच नारळ काठावर फोडायचे, पहिलं भकल पाण्याला, बाकीचं पोरांना. आणि वर्गाचा पहिला नियम पोरांना झोपेतून उठवून विचारला तरी यायचा : कुणी बुडत असला तर उडी मारायची नाही. दोर टाकायचा, नारळ टाकायचे, आपण पोटावर आडवं व्हायचं. तेव्हापासून वाडीतलं एकही पोर पाण्याने नेलं नव्हतं.

दोन हजार एक सालचा तो रविवार उजाडला तो गजबजतच. कोकण रेल्वे झाल्यापासून मुंबईकर नातवंडांची आवक वाढली होती, त्यामुळे विहिरीभोवती पाय ठेवायला जागा नव्हती. प्रमुख पाहुणे म्हणून भागोजीशेठ आले होते : मच्छीमार सोसायटीचे चेअरमन, दोन ट्रॉलरचे मालक, पांढरा सफारी, वजन दोन माणसांचं.

"तो काठावर चढून बोलणार हो," मालिनीबाई अप्पांच्या कानाशी म्हणाल्या. "त्याला खुर्ची द्या."

"दिली आहे. मावला नाही."

भागोजीशेठ उभ्यानेच सुरू झाले. "अप्पांचं काम मोठं हाय, नाय म्हणत नाय. पण आमा दर्यावरच्या माणसांना ही शिकवणी म्हंजे कोळंबीला क्लास लावल्यावानी. आमच्या रगतातच हाय पोहणं."

पुढेच पाटी पालथी घालून गोदूबाई बसली होती. सकाळची मासळी विकून ती नात नेत्राची परीक्षा बघायला आली होती. "भागोजी," ती म्हणाली, "तुझा आजा पोहायचा, बापूस पोहायचा. तू होडीतून उतरायचास तो गड्याच्या खांद्यावरनं. रगत खय वाटेत सांडलं काय रे?"

हशा झाला. भागोजीशेठही हसले. पुढाऱ्याला तेवढं यावंच लागतं.

मग नेत्रा उतरली. सगळी विहीर श्वास रोखून बघू लागली. एक फेरी झाली. "सोड," अप्पा म्हणाले. नेत्राने पाठीची गाठ ओढली, नारळांची जोडी बाजूला तरंगत गेली, पोरगी क्षणभर खाली गेली आणि वर आली ती सपासप हात मारत. काठावर पोरं नाचायला लागली. गोदूबाईने डोळे पुसले आणि डोळ्यात खवलं गेल्याचं शेजारणीला सांगितलं.

नेत्रा पायऱ्यांवरून वर आली. नारळ फुटला. भागोजीशेठ पहिलं भकल पाण्याला द्यायला काठाच्या चिऱ्यावर चढले. चिऱ्यावर पोरांच्या ओल्या पायांचं पाणी होतं आणि शेठच्या पायात नवे बूट होते. भकल पाण्यात पडलं. पाठोपाठ भागोजीशेठ पडले.

असा आवाज त्या विहिरीने कधी ऐकला नव्हता. पाणी काठापर्यंत उडालं. शेठ वर आले, 'आयो' म्हणाले, खाली गेले, परत वर आले ते काही न म्हणताच. तेव्हा सगळ्यांना कळलं, की रगतातलं पोहणं रगतातच राहिलं.

"अप्पा, उडी मारा," कुणीतरी ओरडलं. मग सगळेच. "अप्पा, अप्पा, उडी मारा."

अप्पांच्या डोळ्यांपुढे केरू उभा राहिला. तेवढ्यात तिघे थोराड विद्यार्थी शर्ट काढायला लागलेले त्यांना दिसले, आणि त्यांना कंठ फुटला.

"जो उडी मारील त्याला बाहेर आल्यावर मी मारीन. दोर आणा. नारळ बांधा."

आणि या वेळी दोर सगळ्यांना दिसला. पोरांनी रहाटावरून ओढून काढला, कुणी नारळांची जोडी बांधली, कुणी त्या तिघांचे शर्ट धरून ठेवले. अप्पांनी जोडी फेकली. पहिली फेक फुकट गेली. दुसरी बरोबर शेठच्या छातीवर बसली.

"आडवे व्हा रे, पोटावर व्हा," अप्पांनी पोरांना बजावलं. पोरं पटापट काठावर आडवी झाली. अप्पा उभेच राहिले. हा हुकूम आजवर त्यांनी फक्त दिला होता, स्वतः पाळायची वेळ आली नव्हती.

शेठनी नारळांना मिठी मारून दोराला हिसका दिला. दोराच्या दुसऱ्या टोकाला अप्पा होते. थोड्या वेळाने दोराच्या एकाच टोकाला दोघे होते.

पाणी हिरवं होतं, आणि मे महिना असूनही थंडगार. नाकात गेलं, कानात गेलं. अप्पांना वाटलं, चला, केरूची भेट होणार. मग डोकं वर आलं, आणि वरून पोळपाटावर लाटणं आपटावं तसा ओळखीचा आवाज आला.

"हात झोडू नका. मान मागे टाका. कान बुडू द्यात, पडद्याला काही होत नाही तुमच्या. पोट आभाळाला दाखवा. आता श्वास घ्या, आणि भांडताना धरता तसा धरून ठेवा."

वाक्यं अप्पांना फार चांगली वाटली. पडद्याचं आणि शेवटचं सोडलं तर सगळी त्यांचीच होती. त्यांनी मान मागे टाकली, पोट वर केलं, आणि कंबरेखालून पाण्याने तळहात दिल्यासारखं झालं. अप्पा तरंगत होते. वर विहिरीएवढं गोल आभाळ होतं आणि त्याच्या कडेने नुसती डोकी. इतकी वर्षं आपण पोरांना हे देत होतो, आणि आपल्याला ठाऊकच नव्हतं.

"अप्पा," शेजारून भागोजीशेठ नारळांना बिलगून कुजबुजले, "मला धरू नका हां."

"नाही धरत. तुम्हीही मला धरू नका."

मालिनीबाईंनी दुसरी जोडी फेकली. पोरांनी आधी शेठना ओढून पायरीला लावलं. त्याला सगळा वर्ग लागला. मग अप्पांना. अप्पा बाहेर येताच विहिरीभोवती जो गजर झाला तो गणपतीतही होत नाही. या वयात उडी. कान पणाला लावून उडी. एक मुंबईकर जावई म्हणाला, पेपरात द्यायला हवं. त्या तिघा थोराडांपैकी एक छाती काढून मित्राला सांगत होता, "बघितलंस? मीपण अशीच मारणार होतो."

अप्पांनी ते ऐकलं आणि त्यांचा चेहरा उतरला. गप्प बसावं तर पुढच्या वेळी हा पोरगा उडी मारणार. बोलावं, तर न पोहणाऱ्या मास्तरकडे कोणती आई पोर पाठवील? त्यांनी मालिनीबाईंकडे बघितलं. बाई लुगड्याचा ओचा पिळत होत्या. मदत करायचा त्यांचा विचार दिसला नाही.

"मी उडी मारलेली नाही," अप्पा म्हणाले. "मी उभा राहिलो, आडवा झालो नाही, म्हणून ओढला गेलो. आणि मला पोहता येत नाही. कधीच येत नव्हतं."

मग सगळे हसायला लागले. केवढा हा विनय, असं जावई म्हणाला. दोघांनी नमस्कार केला.

खोटं इतकी वर्षं बिनबोभाट चाललं होतं. खऱ्याला मात्र पुरावा लागत होता. अप्पांनी धोतर कमरेला घट्ट खोचलं, उरलेल्यांतली एक जोडी उचलली आणि सगळ्यांदेखत बायकोकडे पाठ केली.

"बांध."

मालिनीबाईंनी बांधली. जरा जास्तच घट्ट. अप्पा पायऱ्या उतरले आणि कमरेएवढ्या पाण्यात पाण्यावरची शेवटची पायरी दोन्ही हातांनी धरून उभे राहिले, पहिल्या दिवशी प्रत्येक पोरगं राहतं तसे. पायरी काही केल्या सुटेना. तेव्हा कुठे हसू थांबलं.

गोदूबाई चिऱ्यापाशी येऊन वाकून बघू लागली. "जल्लं मेलं," ती सावकाश म्हणाली. "ह्या मानसाने माज्या नेत्राला शिकवलं." तिने वळून ओल्या नेत्राकडे बघितलं. "आनि ती शिकली. पुढल्या वर्षाला धाकट्याला धाडतंय. पण काठावर बाय बसूंदे, आनि मास्तर पान्यात."

"सोडा पायरी," मालिनीबाई काठावरून म्हणाल्या.

अप्पांनी एक हात सोडला. वाडी श्वास रोखून बघत होती. मग त्यांनी दुसरा सोडला.

गजर ओसरल्यावर भागोजीशेठ मागून हळूच पुढे आले. सफारीतून अजून पाणी गळत होतं, बूट हातात होते. त्यांनी इकडेतिकडे बघितलं आणि आवाज खाली घेतला.

"वयनी, असोले हायत काय आणखी? जरा मोठे?"