शिशाच्या पेटीची खंडेनवमी

मित्रांनो, रूपानं मी अगदीच ओबडधोबड. पोलादाचं अंग, आत शिशाचा जाड थर आणि वर एक कडी, अशी मी एक जुनी पेटी. माझ्या पोटात तांदळाच्या दाण्याएवढा धातूचा तुकडा असे. त्याच्यातून किरण निघत. ते दिसत नाहीत, त्यांना वास नाही. पण उघड्यावर आले तर माणसाचं अंग आतून जाळतात. त्यांना कोंडून धरणं हाच माझा धर्म.

शिरोलीच्या एका फौंड्रीत मी आठ वर्षं राबले. ओतलेल्या लोखंडाच्या पोटात कुठं चीर राहिली असेल, तर माझे किरण तिचा फोटो काढून दाखवत. मला चालवणारा जोतीराम मोठा कीर्तनवेडा. "बुवा माणसाचं अंतःकरण वळखतोय, तशी ही लोखंडाचं वळखती," असं तो कौतुकानं सांगायचा. आधी दोर बांधून सगळ्यांना लांब करायचा, मगच लांबून चाक फिरवून दाणा बाहेर काढायचा. काम झालं की दाणा परत माझ्या पोटात, मला कुलूप, मग खड्ड्यात ठेवून वर आणखी एक कुलूप. या शिस्तीत कधी खंड पडला नाही.

पडला तो त्र्याऐंशी सालच्या खंडेनवमीला. त्या दिवशी हत्यारांची पूजा. हातोडे, पाने, साचे ओळीनं मांडले होते. जोतीरामाला राहवेना. "इतकी राबती, तिलाच तेवढं अंधारात ठिवायचं व्हय?" म्हणून त्यानं मला वर आणलं. हळदकुंकवाचा मळवट भरला, झेंडूचा हार घातला. माझ्या अंगावरची धोक्याची तीन पात्यांची लाल खूण मळवटाखाली गेली आणि त्याच्या ध्यानातही आलं नाही.

सगळे प्रसादाला बसले, तेवढ्यात भंगार वेचणाऱ्या पिराजीनं मला पोत्यात घातलं. सायकलवर लादून थेट लालबीच्या भंगाराच्या दुकानात आणलं.

"चाची, पक्कं शिसं हाय. फोडून बघा की."

लालबीनं घण उचलला. शेजारी दोन बायका धान्य निवडत बसल्या होत्या. मित्रांनो, मला ओरडता आलं असतं तर मी ओरडले असते. एका घावात माझं कुलूप तुटलं असतं.

पण घण वरच थांबला.

"पिराजी, ह्याची पूजा झालीया. पुजलेलं फोडायचं नसतंय."

"तुमचा द्येव येगळा, आमचा येगळा. तुम्हाला काय त्याचं?"

"द्येव असंल येगळा. पुजणाऱ्याचा जीव तर हिच्यात हाय न्हवं? कुणाची हाय बघू."

तिनं पदर ओला करून मळवट पुसला. खाली लाल खूण आणि एकच शब्द निघाला, 'धोका'. लालबी चार बुकं शिकलेली. तिनं घण खाली ठेवला, बायकांना उठवलं, दुकानासमोरचा रस्ता मोकळा केला.

"पळ फौंड्रीत. मारतील म्हणून भिऊ नगंस, मी हाय."

आणि पिराजी खरंच पळाला. चोरी केलेल्या ठिकाणी आपल्या पायानं परत जायला छाती लागते.

जोतीराम किरण मोजायचं यंत्र घेऊन धावत आला आणि त्यानं ते माझ्याजवळ धरलं. काटा रोजच्याइतकाच हलला, जास्त नाही. कुलूप शाबूत होतं. मागोमाग आलेल्या फौंड्रीच्या मालकांनी पिराजीचं बखोट धरलं, तसा जोतीराम मध्ये पडला. "चोरी त्यानं केली, मालक, पर खड्ड्यातनं काढून खूण झाकली ती म्या. आदी मला बोला."

मग तो लालबीच्या पायाशी वाकला. ती मागं सरली.

"माझं पाय नगं धरू लेका. हिला परत कुलपात घाल."

आता माझ्या पोटातला दाणा काढून घेतलाय, मी रिकामी आहे. आता कुणी माझ्याकडं बघत नाही, याचं मला वाईट वाटत नाही. फक्त एवढं ऐका, बाळांनो: तशी लाल खूण कुठं दिसली तर हात लावू नका, ती झाकू नका, मोठ्या माणसांना हाक मारा. आणि आमच्यासारख्यांवर माया करायची झाली, तर ती लांबूनच करा.