अक्षराच्या पोटातली रेघ

चालायला लागलेल्या धाकट्या आयानाच्या पायांतली काळी-पांढरी दोरी रिवाजाप्रमाणे कापली, त्या वर्षीची गोष्ट. अंगणात पोरांची शर्यत संपली होती. पहिली आलेली शेजारची मुलगी सुरी घेऊन वाकली होती आणि तिल्लाबूनं नातीला दोन्ही काखांत धरून उभं केलं होतं. दोरी तुटली. नात दोन पावलं चालली आणि बसली. तेवढ्यात सून नुरिला फोन घेऊन धावत आली.

"आपा, तुमची कविता! तीनशे जणांना आवडलीय!"

"आधी पोरीचं बूड झटक. चिखलात बसलीय."

अकरा मार्चला, सकाळच्या चहानंतर तिल्लाबूचा नवरा एर्गेश वारला होता. घरात दुखवटा होता, पण नात चालायला लागली होती. पोरीचे पाय वर्ष सरायची वाट बघणार नव्हते, म्हणून सोहळा लहानसाच केला होता.

तिल्लाबू आणि एर्गेश पामीरच्या पठारावरून किरगिझस्तानातल्या नारिनला उतरून आले त्याला तीन हिवाळे झाले होते. वरती ना शाळा होती ना वही. गाणी मात्र ती तोंडानंच रचायची. बासष्टाव्या वर्षी नुरिलानं तिला नातवंडांच्या पहिलीच्या पुस्तकावर अक्षरं शिकवली आणि मग स्वतःचा जुना फोन देऊन 'चार ओळी' नावाच्या गटात घातलं. तिथे बाक्तियार आगाय, निवृत्त मास्तर, रोज सकाळी एक शब्द द्यायचे. संध्याकाळपर्यंत ज्यानं त्यानं चार ओळी लिहायच्या. कुणी बिश्केकचा टॅक्सीवाला, कुणी मॉस्कोत रस्ते झाडणारी. एकमेकांच्या यमकांत चुका काढायचे, भांडायचे, वाढदिवसाला केक पाठवायचे, चित्रातला.

एर्गेश गेल्यावर दोन महिने ती तिथे गप्प होती. आदल्या दिवशीचा शब्द होता 'घर'. त्यावर तिनं पुन्हा चार ओळी लिहिल्या होत्या.

"वाच बरं, काय म्हणतात," ती म्हणाली.

नुरिला वाचू लागली. "टॅक्सीवाला म्हणतो, 'आम्ही वीस वर्षं लिहितोय, असं जाळं आम्हाला नाही सुचलं.' ही मॉस्कोची गुलायिम. 'आपा, मीपण रोज जाळं टाकते, रोज रितं निघतं. तुमची ओळ झाडूच्या दांड्यावर खिळ्यानं कोरलीय.' आणि आगाय म्हणतात, ही कविता गटाच्या पुस्तकात पहिल्या पानावर घेणार. छापील पुस्तकात, आपा!"

"कुठलं जाळं?"

"तुमचंच की." नुरिलानं मोठ्यानं वाचलं. "चूल पेटते, किटली गाते. दार उघडतं, दार मिटतं. येणारे येतात, दाराशीच बसतात. रितं आहे माझं जाळं."

"जन्मात मासा धरला नाही मी. जाळं कशाला लिहू?"

नुरिलानं फोन डोळ्यांजवळ नेला आणि ओठ चावला. फोनचा कळफलक रशियन. त्यात किरगिझची तीन अक्षरं नाहीत. सगळेच त्यांच्याजागी जवळचं अक्षर दाबतात आणि वाचणारा समजून घेतो. तिल्लाबूनं लिहिलं होतं 'त्योर', दारासमोरची मानाची जागा, जिथे एर्गेश बसायचा. अक्षराच्या पोटातली आडवी रेघ फोनमध्ये नव्हती. रेघ नसली की होतं 'तोर', जाळं. एरवी कुणीही ओळखलं असतं. इथे दोन्ही बसत होतं.

"आपा, नका सांगू कुणाला," नुरिला हळूच म्हणाली. "जाळं काय वाईट आहे?"

"वाईट नाही. पण ते जाळ्यात बसत नव्हते."

तिनं आगायना फोन लावायला सांगितला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"आपा, खरं सांगू? रिकामी जागा हजारांनी लिहिलीय. मीसुद्धा. जाळं कुणीच नाही. राहू द्या."

"ती माझी ओळ नाही, आगाय. पुस्तकात त्यांची जागा नसेल, तर मला पुस्तक नको."

"छापखान्यात शनिवारी द्यायचंय. शुक्रवारी बाजारात येतोय, तेव्हा घरी येतो. बसून ठरवू."

शुक्रवारी ते आले. सत्तरीचे, गुडघ्यांनी बेजार, डोक्यावर पांढरी, दाबलेल्या लोकरीच्या नमद्याची टोपी. खोलीत दारासमोर जाड नमदा अंथरलेला होता. एर्गेश गेल्यापासून त्यावर कुणी बसलं नव्हतं. मुलगा खिडकीशी बसून जेवायचा, पाहुणे कुठेही टेकायचे, पोरंसुद्धा वळसा घालून जायची. आगायनी तिकडे एकदा पाहिलं आणि ते उंबऱ्याजवळ, बुटांशेजारीच बसले.

तिल्लाबूनं पाव मोडला, साय पुढे केली, वाटीत चहा ओतला.

"मी विचार केला," आगाय म्हणाले. "कविता तुमची. तुम्ही म्हणाल तसंच छापू. जागा तर जागा."

तिनं मान हलवली. दार नीट लागत नव्हतं. फटीतून वारा येत होता. आगाय एका हातात वाटी धरून दुसऱ्या हातानं गुडघा चोळत होते.

"आगाय, वर सरका."

"नको, आपा. इथे बरा आहे."

"हो, आणि मग गटात लिहा, तिल्लाबूनं मला बुटांत बसवलं म्हणून. चारशे माणसं वाचतील. सरका वर."

नुरिला स्वयंपाकघराच्या दारात ताट घेऊन थांबली. आगाय भिंतीला धरून उठले, नमद्यापाशी जरा घुटमळले आणि कण्हत बसले. तिल्लाबूनं त्यांची वाटी तिथे नेऊन ठेवली. मग किटली घेऊन बसली, पण ओतलं नाही.

"जाळंच छापा," ती म्हणाली.

"अहो, आत्ता तर ठरलं! मग जागेचं काय?"

"जागेवर तुम्ही बसलाय ना. आता ती रिती आहे असं खोटं कसं छापू?"

आगायनी खाली नमद्याकडे पाहिलं. नुरिलानं ताट ठेवलं आणि पदार्थांची नावं उगाचच मोठ्यानं सांगू लागली.

पुस्तक ऑक्टोबरात आलं. पहिल्या पानावर 'रितं जाळं', खाली तिल्लाबूचं नाव. एक प्रत मॉस्कोला गेली.