फाट्यावरची पोर

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीला शिकवते आणि माझ्या वर्गात भुतांना बंदी आहे. हे मी पोरांना पहिल्याच आठवड्यात बजावते. त्यामुळे डबे खाताना एक मुलगी दबक्या आवाजात काही सांगतेय आणि भोवतीच्या पोरींचे घास हातातच राहिलेत, हे दिसल्यावर मी मुद्दाम तिच्या पाठीमागे जाऊन उभी राहिले.

"...अन् मंग ती जीपला हात करती. आंगात पांढरा कोट. म्हणती, काका, मला घरी सोडा ना. जीपवाले थांबतच न्हाईत."

पांढरा कोट म्हटल्यावर तो कोणाचा ते मला लगेच कळलं. माझी धाकटी बहीण प्रीती जालन्याला नर्सिंगला होती. दोन वर्षांपूर्वी सुटीला घरी येताना घनसावंगी रोडवरच्या आमच्या फाट्यावर ती काळीपिवळी जीपमधून उतरली, रस्ता ओलांडायला निघाली आणि उसाच्या ट्रॅक्टरने तिला उडवलं. घाईत निघालेली, अंगातला ॲप्रनसुद्धा काढला नव्हता. फाट्यावरून आमच्या घराचे पत्रे दिसतात.

"कोणी सांगितलं तुला हे?" मी विचारलं.

मुलगी घाबरली. "मावशीनं. ती नंदाबाईच्या टोळीत कापूस वेचायला जाती. तिथं रोज सांगत्यात."

नंदाबाईच्या टोळीत माझी आईही जाते.

आईला मजुरीला जायची काही गरज नाही. माझा पगार आम्हा दोघींना पुरून उरतो. पण प्रीती गेल्यावर वर्षभर आई भिंतीला टेकून नुसती बसून असायची, आणि मागच्या वेचणीला एके दिवशी आपण होऊन उठली, भाकरी बांधून घेतली आणि टोळीत गेली. चार बायांत जीव रमतो, रमू दे, असं मी शेजारणींना सांगत होते. तो कशात रमत होता ते आता कळलं.

संध्याकाळी ती चुलीपुढे भाकरी थापत होती. मी दारातूनच सुरुवात केली.

"नंदाबाई प्रीतीचं भूत करून सांगती, अन् तू ऐकून घेती?"

"नाव न्हाई घेत ती," आई म्हणाली. तिचे हात थांबले नाहीत.

"नाव न्हाई घेतलं म्हणून काय झालं? बावीस प्रतिज्ञा म्हणणारं घर हाय आपलं. बाबासाहेबांचा फोटो हाय भिंतीवर. अन् तू भूत मानायलीस?"

"भूत कुठं मानते मी," आई म्हणाली. "प्रीतीला मानते."

मला इतका संताप आला की मी त्या रात्री जेवले नाही. आईनेही आग्रह केला नाही.

रविवारी मीही टोळीबरोबर शेतात गेले. लुगड्यांवर नवऱ्यांचे जुने शर्ट घातलेल्या बाया आपापली पात धरून कापूस वेचत होत्या. शेत गुत्त्याने घेतलेलं, म्हणजे सगळ्यांचं काम एक आणि मजुरी सारखी. अशा कामात एकीचा हात आखडला की सगळ्या अडकतात. नंदाबाईची टोळी तालुक्यात सगळ्यांत जल्दी शेत उरकते, आणि त्याचं कारण मला तिथे समजलं. भजन लावलं की बाया रेंगाळतात, सासवांचा विषय निघाला की हात थांबतात. भुताची गोष्ट सुरू झाली की मात्र मागे एकटी राहायला कोणी तयार नसतं. पात सरळ रेषेत पुढे सरकते.

मी मध्येच तिला थांबवणार होते. थांबवलं नाही, याची मला अजून चीड येते. नंदाबाई आवाज चढवत नाही की डोळे वटारत नाही. बाजारातून काय आणलं ते सांगावं तसं सांगते. पोरगी फाट्यावर उभी आहे. एकही जीप थांबत नाही. मग ती चालायला लागते. पंपाच्या खोलीपाशी येते, कुत्री तिच्याकडे बघतात आणि भुंकत नाहीत. ही पोरगी घरी पोचलीच नाही, हे या शेतात सगळ्यांत जास्त मला ठाऊक होतं. दवाखान्यात प्रीतीला ओळखून कागदावर सही केली ती मीच. तरी माझे कान नंदाबाईच्या तोंडाकडे लागले होते आणि हात भराभर चालत होते. पोरगी गल्लीच्या वळणावर आली, तिला घरातला दिवा दिसला, आणि नंदाबाई म्हणाली, "चला, भाकरी खाऊन घेऊ."

रोज इथेच थांबते म्हणे.

जेवण झाल्यावर आई डब्यात पाणी आणायला विहिरीवर गेली, तेव्हा मी नंदाबाईला गाठलं. बरीच मोठी भाषणं तयार केली होती. तिने एकच ऐकून घेतलं.

"तुमचा राग बराबर हाय, बाई," ती म्हणाली. "पण एक सांगते. त्या पोरीचं तोंड कसं दिसतं ते मी कवाच सांगत न्हाई. कोट सांगते, चाल सांगते, तोंड न्हाई. ज्या बाईचं जे माणूस गेलं, ती त्याचं तोंड लावून घेती. उषाबाईचं लेकरू तापात गेलं. पंपाची खोली आली की ती रोज मागं वळून बघती. भ्या वाटतं म्हणून बघती का आस वाटती म्हणून, ते तिचं तिला बी सांगता यायचं न्हाई."

"तरी बंद करा," मी म्हणाले. "माझ्या बहिणीला असं रस्त्यावर फिरवू नका."

"मी बंद केल्यानं बंद होत न्हाई. गोष्ट पार अंबडपतूर गेली. अर्धी सोडली की लोक आपापल्या परीनं पुरी करत बसत्यात. उद्या कोणी तिला जीपवाल्याचं नरडं धरायला लावील. तिला बंद करायला एकच इलाज हाय. पुरी करायची. पोरगी घरी पोचली, आईनं दार उघडलं, जेवू घातलं, झालं. घरी पोचल्या पोरीची कोण कशाला गोष्ट सांगंल?"

"मग इतके दिवस पुरी का केली न्हाई?"

नंदाबाईने विहिरीकडे पाहिलं. "तुमी म्हणता तर आज करते," ती म्हणाली.

मला वाटलं, मी जिंकले.

दुपारच्या पातीला गोष्ट कधी नसते. त्यामुळे नंदाबाईने पुन्हा त्या वळणापासून सुरुवात केली तेव्हा बायांनी एकमेकींकडे पाहिलं. आई माझ्या शेजारच्या पातीत होती. पोरगी वळणावरून पुढे निघाली. अंगणात आली. शेळीने मान वर केली आणि पुन्हा खाली घातली. पोरीने दारावर हात ठेवला.

"म्हणती, आई, मी आले. कडी काढ."

साऱ्या पातीचे हात थांबले. या टोळीत असं कधी झालं नसेल. माझेही थांबले. आणि मला एकदम कळलं की मलाही ते दार उघडायला हवंय. तिने आत यावं, हातपाय धुवावेत, भूक लागली म्हणून ओरडावं, मी तिच्यावर चिडावं. माझे डोळे भरून आले आणि मी ते पुसले नाहीत.

"नंदे, थांब," आई म्हणाली.

नंदाबाई थांबली.

"कडी नको काढू."

"केशर, लय दिवस झाले पोरगी चालून राह्यली," नंदाबाई हलकेच आईला म्हणाली. "दमली असंल."

"दमू दे." आईचा आवाज कोरडा होता. "दमली तरी उद्या फाट्यावरून परत निघंल. एकदा का घरात आली, मंग कुठून यायची ती?"

नंदाबाई माझ्याकडे बघत होती. गोष्ट पुरी करायचा हट्ट माझा होता, तेव्हा सोडायचा असला तर तो मीच सोडायला हवा होता. आई मात्र माझ्याकडे बघत नव्हती. कमरेला बांधलेली कापसाची ओटी तिने दोन्ही हातांनी पोटाशी घट्ट धरली होती.

"पुढचं उद्या सांगा, नंदामावशी," मी म्हणाले. मग दाराशी येऊन उभ्या राहिलेल्या माझ्या बहिणीला तसंच बाहेर ठेवून आम्ही सगळ्याजणी कापूस वेचू लागलो.